धूर नको बघू, पुढचं चाक बघ

"बाई, ओ बाई! माळावर कुणी चकल्या पाडल्यात, बघितलं का?"

सकाळी साडेसातला आक्कांचा आवाज भिंतीवरून आला. आमच्या दोन घरांमधली ही भिंत छातीएवढी, वरच्या चार-पाच विटा केव्हाच ढासळलेल्या. त्या खिंडारातून आजवर कढीपत्ता, विरजण, उसनी साखर आणि तिसगावातल्या निम्म्या सोयरिकींच्या बातम्या इकडून तिकडं गेल्यात. मी शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी आक्का मला बाईच म्हणतात. आणि त्यांच्या नातवाला मी चौथीपर्यंत शिकवलं, म्हणून त्यानं केलेल्या प्रत्येक उद्योगाचा जाब पहिल्यांदा मलाच विचारतात.

माळावर खरोखरच चकल्या होत्या. मुरमात एकात एक अडकलेली पाच-सहा कडी, चांगली वीतभर रुंद. आक्कांचा नातू चाकणला कंपनीत असतो. चार दिवसांच्या सुट्टीवर आला, बरोबर मित्राला आणि मित्राच्या गाडीला घेऊन. रात्री जेवणं झाल्यावर दोघं 'जरा पाय मोकळे करतो' म्हणून गेले ते गाडीनं.

"मी इचारलं, काय करत व्हता रं? तर म्हणतो ड्रिप. म्हणलं, बरं झालं बाबा, दहा वर्सं झाली आजोबाच्या मागं लागलेय की मोसंबीला ठिबक करा. तर हसतंय मेलं!"

"ड्रिप नाही आक्का, ड्रिफ्ट."

"त्येच ते. म्हंजी काय पण?"

आता इथं खरं सांगायला हवं. मला तरी कुठं ठाऊक होतं? पण आदल्या दोन रात्री त्या पोरानं मला मोबाईलवर सगळं दाखवलं होतं. ज्याला मी बाराखडी शिकवली तो मला अँगल आणि लाईन शिकवत होता, आणि मधेच 'समजलं का बाई?' असं अगदी माझ्याच सुरात विचारत होता. तेव्हा मी पदर खोचला आणि म्हटलं, गाडी मुद्दाम घसरवायची, पण हातची जाऊ द्यायची नाही. वळणावर गाडीचं तोंड एकीकडं, गाडी चाललीय भलतीकडं, आणि पुढची चाकं तिसरीकडंच.

"दारू पिऊन?"

"शुद्धीवर, आक्का. शुद्धीवरच जमतं ते."

ओट्यावरच्या बाजेवरून आक्कांचे यजमान, तात्या, खाकरले. तात्यांनी एकोणतीस वर्षं एसटी चालवली. करंजीचा घाट त्यांना स्वतःच्या तळहातापेक्षा जास्त पाठ. नगरकडून पाथर्डीला येताना पहिल्या पावसात त्या उतारावर डिझेल आणि चिखल मिळून कसा लोण्यासारखा रस्ता होतो, ते त्यांच्याकडून ऐकावं. ते म्हणाले, "आमची गाडी घसरली की आम्ही देवाचं नाव घ्यायचो. ही पोरं घसरवायला पेट्रोल घालत्यात."

पण मग तेच उठून भिंतीपाशी आले. गाडीचा विषय निघाल्यावर ड्रायव्हर बाजेवर पडून राहत नाही.

"बाई, त्या मित्राची गाडी वढणारी का ढकलणारी?"

हा प्रश्न मला फार आवडला, कारण सगळ्या खेळाची मेख तिथंच आहे. हल्लीच्या बहुतेक छोट्या मोटारींमध्ये इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते. बैलांनी गाडी ओढावी तशी ती पुढून ओढली जाते. एसटी, जुनी अँबेसिडर, पद्मिनी, ओम्नी, बोलेरो, छोटा हत्ती यांना मात्र ताकद मागच्या चाकांना. त्या हातगाडीसारख्या मागून ढकलल्या जातात. ड्रिफ्टला ढकलणारी गाडीच लागते. वळणात शिरताना मागच्या चाकांना एकाएकी इतका जोर द्यायचा की त्यांची जमिनीवरची पकड सुटते. पुढच्या चाकांची पकड शाबूत, मागचं बूड मोकळं. बूड बाहेरच्या बाजूला झुलतं. वळण उजवीकडं असेल तर बूड डावीकडं जातं, आणि त्याच क्षणी ड्रायव्हर स्टेअरिंगही डावीकडंच, म्हणजे वळणाच्या उलट फिरवतो. ह्या उलट्या स्टेअरिंगवर गाडी तोललेली असते. पुढचं हातानं सांभाळायचं, मागचं पायानं. अॅक्सिलेटर जरा जास्त झाला तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते, कमी झाला तर पकड परत येते आणि ती झटक्यात सरळ होऊन नको तिकडं जाते.

मित्राची गाडी ओढणारी होती. तशा गाडीचा हँडब्रेक खेचून मागची चाकं जाम केली की बूड एकदा फिरतं, मुरमात चकली पडते, आणि संपलं. पुढं इंजिनाच्या जोरावर ती घसरण धरून ठेवता येत नाही. त्याला ड्रिफ्ट म्हणणं म्हणजे चिखलात पाय घसरला त्याला लावणी म्हणणं.

"म्हंजी आमच्या पोराला जमलंच नाय तर!" आक्कांना ह्याचं वाईट वाटलं की बरं, ते मला कळलं नाही.

तात्यांना डिफरन्शियलचं कोडं होतं. गाडी वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर तोडावं लागतं, आतल्याला कमी. म्हणून दोन चाकं वेगवेगळ्या गतीनं फिरू देणारी ती दातेरी चक्रांची पेटी. पण एक चाक हलकं झालं की सगळी ताकद तेच खातं, दुसरं नुसतं बघत राहतं. "मग दोन्ही चाकं एकदम कशी घसरत्यात?" त्यांनी विचारलं. उत्तर त्यांच्याच शेडमध्ये उभं होतं. उसाच्या फडात ट्रॅक्टरचं एक चाक चिखलात गरगर फिरायला लागलं की आपण टाचेखालचं डिफलॉक दाबतो, दोन्ही चाकं एक होतात आणि ट्रॉली निघते. ड्रिफ्टच्या गाडीतही तसलीच युक्ती. पैसेवाले त्यासाठी खास डिफरन्शियल बसवतात, आणि हौशी पोरं आतली चक्रं सरळ वेल्डिंग करून टाकतात. वेल्डिंगचं ऐकल्यावर तात्यांनी कपाळाला हात लावला. "आरारारा! टायर खाईल की ती!"

खातेच. त्यासाठीच तर आहे ती.

"आन् घसरवायची सुरुवात कशी करत्यात?"

मी बोटांवर मोजायला लागले. हँडब्रेक ही एक रीत. क्लचला लाथ ही दुसरी: क्लच दाबायचा, इंजिन किंचाळेपर्यंत रेस करायचं आणि क्लच फटकन सोडायचा, मागच्या चाकांना असा हिसका बसतो की पकड तुटतेच. तिसरी रीत मला सगळ्यात देखणी वाटते. वळण उजवीकडं असलं तर गाडी आधी क्षणभर डावीकडं घालायची, तिचं वजन एका अंगावर झुकू द्यायचं आणि मग एकदम उजवीकडं फेकायची. टकरीचा मेंढा आधी मागं सरकतो ना, तसं. ही चाल रॅलीवाल्यांची. बर्फाच्या आणि मातीच्या रस्त्यांवर ते फार पूर्वीपासून ती खेळतात.

आक्कांनी तोवर शेवग्याच्या शेंगा मोडायला घेतल्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजी डोक्यावर हांडा घेऊन चालल्यावानी. कंबर हालती, हांडा नाय हालत."

मी गप्पच झाले. दोन रात्री मोबाईल बघून मला जे सांगता आलं नाही ते बाईनं शेंग मोडता मोडता सांगितलं. आणि गंमत अशी की जपानमधल्या ज्या चित्रकथेनं हा खेळ जगभर नेला, तिच्यातही हेच आहे. 'इनिशियल डी' हिचं नाव, शुइची शिगेनो यांची, 1995 पासून साप्ताहिकात यायला लागली. त्यातला पोरगा रोज पहाटे बापाच्या दुकानचा तोफू घेऊन घाट चढतो, आणि पोचवून परत उतरतो. गाडी जुनी टोयोटा, एई-86, मागच्या चाकांची. बाप गाडीत पाण्यानं भरलेला पेला ठेवतो आणि बजावतो की पाणी सांडता कामा नये. सांडलं तर तोफू मोडला समजायचं. पोरगा ते पाणी सांभाळता सांभाळता असा तयार होतो की घाटातल्या भारी गाड्यांना मागं टाकतो.

"तोफू म्हंजी?"

"सोयाबीनच्या दुधाचं पनीर."

"सोयाबीनचं? आन् त्याच्यासाठी रोज पहाटं घाट?" आक्कांनी मान हलवली. "आपल्याकडं सोयाबीनला भाव नाय, नाहीतर आपलंबी पोरगं उतरलं आसतं."

खेळाचा जन्म जपानमधलाच, तोही 1970 च्या सुमाराचा. कुनिमित्सु ताकाहाशी नावाचा गडी आधी मोटारसायकलींवर होता. 1961 साली पश्चिम जर्मनीत होंडावर त्यानं मोटारसायकलींची ग्राँ प्री जिंकली, असं करणारा तो पहिला जपानी. पुढच्याच वर्षी आईल ऑफ मॅनला तो जबर जखमी झाला, आणि नंतर मोटारींकडं वळला. निसान स्कायलाईन घेऊन तो वळणात इतरांपेक्षा जास्त वेगानं शिरायचा आणि बूड झुलवत बाहेर पडायचा. त्याला वेळ वाचवायचा होता, पण प्रेक्षकांचे डोळे त्या झुलण्यावर खिळले. ते बघून वेडावलेला नागानोचा पोरगा म्हणजे केइची त्सुचिया. हा घाटांतच शिकला. 1987 साली त्याच्या घाटातल्या गाडी चालवण्याचा 'प्लस्पी' हा व्हिडिओ निघाला आणि लोक त्याला ड्रिफ्ट किंग म्हणायला लागले. पुढं त्यानं आणि 'ऑप्शन' मासिकाच्या दाइजिरो इनादानं मिळून ह्या रस्त्यावरच्या खोडीला मैदानात आणलं. 2001 पासून जपानात डी-वन ग्राँ प्री ही रीतसर मालिका सुरू झाली. अमेरिकेत 2004 पासून फॉर्म्युला ड्रिफ्ट आहे. 2006 च्या 'टोकियो ड्रिफ्ट' सिनेमात नायक धडपडत शिकत असतो, तिथं काठावर बसून नाक मुरडणारा एक मासेमार दिसतो. तो त्सुचियाच. तुमच्या पोराला विचारा हे. त्यानं सिनेमा दहादा बघितलाय आणि हे त्याला माहीत नव्हतं. माझ्या आयुष्यातला तो एक गोड क्षण होता.

"पण मग पहिला कोण येतो?" तात्यांनी मुद्द्याचं विचारलं. बैलगाडा शर्यत असो नाहीतर पाथर्डीला पोचायची घाई, पहिला कोण ते कळायला नको?

हेच तर नवख्याला उमगत नाही. ही शर्यत नव्हे. घड्याळ नाही, झेंड्यावर नाक कुणाचं आधी ते नाही. लेझीम बघतो तसं बघायचं, पंच बसलेले असतात. आधी एकेक गाडी एकटी पळते. पंच पहिल्यांदा लाईन बघतात: वळणावर खुणा आखलेल्या असतात, आतल्या खुणेला नाक चाटून जायला हवं आणि बाहेरच्या पट्ट्यात मागचं चाक भरायला हवं. मग अँगल, म्हणजे गाडी किती आडवी. शिवाय वेग, सफाई, किती बेधडक घातली ते. जपानात 2012 पासून गाडीत यंत्र बसवून वेग आणि कोन मोजतात, तरी भांडणं मिटलेली नाहीत, आणि ते मला बरं वाटतं. गुणांवरून भांडण नसेल तर तमाशाला जाऊन फक्त तिकीट फाडल्यासारखं.

खरा रंग भरतो तो जोडीच्या फेरीत. दोन गाड्या एकामागं एक. पुढचीनं आपली लाईन चोख मारायची, मागचीनं तिची सावली व्हायचं: ती वळली की वळायचं, ती झुकली की झुकायचं, आणि अंतर इतकं ठेवायचं की मधून मांजर जायला नको. मग अदलाबदल, मागचा पुढं. मागच्यानं आपल्या चुकीनं पुढच्याला ठोकलं तर चूक त्याची; पुढचा मधेच गरकन फिरला किंवा अवचित मंद झाला तर त्याची. गाडी मधेच सरळ झाली तरी गेलं. दोन्ही फेऱ्यांत उन्नीस-बीस कळेना तर पंच पुन्हा पळायला लावतात.

"फुगडीच की," आक्का म्हणाल्या. "एकीनं हात ढिला सोडला की दोघी आपटत्यात."

त्यांच्यापुढं मी आता उपमा देणंच सोडलं.

आणि धूर? नवखा माणूस धूरच बघतो. मीही पहिल्या रात्री तोच बघत होते. रबर तापून जळतं, ढग उठतो, आवाज असा की शेजारच्याची म्हैस आटावी. मोठ्या स्पर्धांतल्या गाड्यांना हजाराच्या आसपास अश्वशक्ती असते, म्हणजे आपल्या पन्नास एचपीच्या ट्रॅक्टरचे वीस ट्रॅक्टर एका बॉनेटखाली. मागच्या टायरांची जोडी काही फेऱ्यांतच उडते. पण नातवानं मला एकच गोष्ट बजावली होती: "बाई, धूर नका बघू, पुढचं चाक बघा." ते चाक वळणाच्या उलट किती वळलंय, थरथरतंय का एकदाच बसलंय, त्यावरून ड्रायव्हर कळतो. पट्टीचा असेल तर हात एकदा फिरतो आणि राहतो. कच्चा असेल तर स्टेअरिंग घुसळत बसतो, ताक केल्यासारखं. त्यानंतर दोन गाड्यांमधलं अंतर बघावं. धूर सगळ्यात शेवटी, जिलबीसारखा.

तात्यांना एक आकडा मात्र हवाच होता. तो मी राखून ठेवला होता. 2016 साली अमिरातीत, फुजैराच्या विमानतळावर, मासातो कावाबाता नावाच्या जपान्यानं निसान जीटी-आर आडवी घातली तेव्हा वेग होता ताशी 304.96 किलोमीटर. गिनीज बुकात नोंद आहे.

तात्या बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आडवी?"

"आडवी. तीस अंशात."

"आमचा डेपो मॅनेजर साठच्या वर गेलं तर मेमो द्यायचा."

मग एकदम त्यांचा आवाज बदलला. त्यांनी नातवाला हाक मारली आणि तो दात घासत बाहेर आला. तात्या म्हणाले, माळावर केलंस ते केलंस, तिथं तुझं तू मरशील. पण घाटात नाही. करंजीचा घाट म्हणजे कल्याण-विशाखापट्टणम हमरस्ता. समोरून वृद्धेश्वर कारखान्याला निघालेली दोन-दोन ट्रॉल्यांची उसाची गाडी येती, तिला ब्रेक मारून थांबायला वेळ लागतो. मढीच्या जत्रेला पायी जाणारी माणसं असतात कडेनं. एकोणतीस वर्षांत त्यांनी त्या घाटात काय काय उचललं, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी कधीच सांगितलेलं नाही.

पोरगा म्हणाला, "तात्या, त्सुचियाच्यापण लायसनवर गदा आली होती घाटापायी." त्याला वाटलं ह्यानं बाजू भक्कम होते.

मी कायदा काढला. मोटार वाहन कायद्याचं कलम 184 धोकादायक गाडी चालवण्याचं आणि 189 परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यती लावण्याचं. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी पाच हजारांपर्यंत दंड आणि वर कैदही होऊ शकते. आणि अठराच्या आतल्या पोराच्या हाती गाडी दिली नि काही घडलं, तर पालकाला किंवा गाडीमालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत तुरुंग. हे शेवटचं मी आक्कांच्या धाकट्या नातवासाठी बोलले. तो भिंतीआडून ऐकत होता.

"मग शिकायचं कुठं?" पोराचा प्रश्न रास्त होता. नगरला वाहननगरात व्हीआरडीई आहे, लष्कराच्या गाड्यांवर संशोधन आणि चाचण्या करणारी. पण तिथं आपल्याला कोण आत घेतंय? नगरच्या रणगाड्यांनी म्हणे जागच्या जागी वळण घेतलेलं तात्यांनी बघितलंय, एका अंगाचा पट्टा पुढं, दुसऱ्याचा मागं. ते ड्रिफ्ट नव्हे, पण आक्कांना सांगताना ते त्याला ड्रिफ्टच म्हणाले. मी म्हटलं, कोल्हापूरला मोहिते रेसिंगचा कार्टिंगचा ट्रॅक आहे, आधी तिथं छोट्या गाडीत बूड कसं बोलतं ते शीक. कार्ट जमिनीला इतकी चिकटून असते की मागचं चाक सुटलं हे डोळ्यांच्या आधी पाठीला कळतं. आणि माती आवडत असेल तर रॅली आहे. पुण्याचे संजय टकले 2025 साली सौदी अरेबियात डकार क्लासिकला गाडी घेऊन उतरले. रॅलीतही गाडी आडवी होतेच, पण तिथं घसरणं हे घाईचं असतं, ड्रिफ्टमध्ये ते नटण्याचं. मला विचाराल तर नटणं जास्त अवघड.

शेवटी त्यानं मोबाईल खिंडारातल्या विटांवर उभा केला आणि अमेरिकेतल्या एका जोडीची फेरी लावली. आम्ही तिघं म्हातारे भिंतीच्या दोन बाजूंनी वाकलो. पहिली फेरी झाली. आक्का तोंडाला पदर लावून बघत होत्या. दुसऱ्या फेरीत निळी मागं, पांढरी पुढं.

"थांब थांब! मागं घे!" आक्का ओरडल्या. "ती निळी मधीच सरळ झाली. बघ तिचं पुढचं चाक."

पोरानं मागं घेतलं, हळू केलं. झाली होती. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तेवढ्यात निळीचं चाक सरळ होऊन परत वळलं होतं. आक्का सोडून आमच्यापैकी कुणालाच ते दिसलं नव्हतं, बाकी सगळे धुराकडं बघत होते. पंचांनी मात्र पुन्हा पळा म्हणून निकाल दिला.

"आंधळे मेले," आक्का म्हणाल्या. "पांढरीनं जिकलंय."

तेवढ्यात गल्लीतून आरोळी आली, नळ आला. सगळी सभा उधळली. मी माझ्या टाकीकडं पळाले, आक्का हांडा घेऊन त्यांच्या नळावर. भरलेला हांडा डोक्यावर, हातात कळशी, आणि मोरीपाशी नेहमीचं शेवाळ. त्या वळल्या, टाच जराशी सरकली, कंबर एकीकडं गेली, हांडा जागचा हलला नाही, आणि त्या तशाच स्वयंपाकघरात शिरल्या.

बाजेवरून तात्या ओरडले, "अँगल कमी पडला!"

आतून कळशी आपटल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ तात्यांना चहा मिळाला नाही.